वचनाचं स्टिकर नंतर, आधी वेळेवर पोहोचा

नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेला माणूस पहिल्या महिन्यात बहुधा तीन गोष्टी करतो. मोबाइलची रिंगटोन बदलतो, कामाच्या टेबलावर बायबलमधलं एखादं वचन चिकटवतो आणि घरच्यांना रोज काहीतरी शिकवायला लागतो. मीही तिन्ही केल्या. टेबलावरचं वचन दोन महिने टिकलं. मग एका सहकाऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे छान आहे, पण माझी फाइल कुठाय?" फाइल चार दिवस माझ्याच खणात पडून होती. मी वचन काढून पाकिटात ठेवलं आणि फाइल काढली.

तुमचा बाप्तिस्मा नुकताच झाला असेल, किंवा जन्म ख्रिस्ती घरातला असून आत्ता कुठे तुम्ही मनावर घेतलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. क्रम मुद्दाम असा लावलाय की दिसणाऱ्या गोष्टी शेवटी येतील. माझा अनुभव असा की जिथे आपलं थोडंफार नुकसान होतं, तिथेच विश्वास खरा की नुसता बोलण्यातला ते कळतं, आणि ते आधी आपल्याला कळतं.

सकाळची दहा मिनिटं

तासभर प्रार्थनेचा संकल्प करू नका. तो चौथ्या दिवशी मोडतो आणि मग दहा मिनिटंही होत नाहीत. प्रार्थना करताना खोलीत जाऊन दार लावून घे, असं येशूने सांगितलं (मत्तय ६:६). खोली नसेल तर कोपरा चालेल, दार नसेल तर सगळे उठायच्या आधीची वेळ चालेल.

वाचायला मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत, रोज एक घेतला तर सोळा दिवसांत येशूचं सगळं चालणं-बोलणं एकदा डोळ्यांखालून जातं. त्यानंतर स्तोत्रसंहिता. स्तोत्रं १५०, म्हणजे रोज पाच धरली तर महिन्यात पुरी होतात; पण हा हिशोब ऐकायला जेवढा सोपा तेवढा पाळायला नाही, कारण ११७वं स्तोत्र दोन वचनांचं आहे आणि ११९वं १७६ वचनांचं. नव्या माणसाने रोज एक वाचावं आणि घाई करू नये. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचता येतात. पैसा, जीभ, आळस, शेजारी, सगळं त्यात आहे.

प्रार्थनेत काय म्हणायचं ते सुचत नसेल तर कागदावर तीन नावं लिहा. आज ज्यांच्याशी गाठ पडणार त्यांची, आणि त्यातलं एक नाव नावडत्या माणसाचं असू द्या. ज्याचं नाव सकाळी देवापुढे घेतलं, त्याच्यावर अकरा वाजता खेकसणं जरा जड जातं. अशक्य होतं असं नाही, जड जातं.

दिवसाच्या मध्ये लांब प्रार्थनेला वेळ नसतो, पण लहान प्रार्थनेला लागतोच किती? नहेम्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे त्याला द्राक्षारस देणारा सेवक होता. राजाने विचारलं, तुला काय हवंय? नहेम्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि लगेच उत्तर दिलं (नहेम्या २:४-५). राजाला कळलंही नसावं. मीटिंगमध्ये, रुग्णाच्या खाटेपाशी, वर्गाच्या दारात, फोन उचलण्याआधी, एवढंच करायचं: "प्रभू, इथे काय बोलू?"

काम ही मधली वेळ नव्हे

बऱ्याच जणांच्या डोक्यात एक वाटणी असते: रविवारची उपासना देवाची, बाकीचे सहा दिवस पोटाचे. ही वाटणी शास्त्रलेखात सापडत नाही. गावकऱ्यांना येशू ठाऊक होता तो सुतार म्हणून (मार्क ६:३). तिथला मूळ ग्रीक शब्द 'तेक्तोन' लाकूडकाम आणि बांधकाम करणाऱ्या कारागिराला लावत. लोकांना शिकवत फिरण्याची वर्षं तीनेक. त्याआधीचा त्याचा बराचसा काळ हातकामात गेला असणार. प्रेषित पौल तंबू करायचा. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहिला, कारण त्यांचा धंदा एकच होता (प्रेषितांची कृत्ये १८:३). थुवतीराची लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची आणि तिच्याच घरात पौल व त्याचे सोबती उतरले.

पुढच्या काळातही हे पुन्हापुन्हा आठवून द्यावं लागलं. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. मठातली सगळी भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असं त्यात आहे. कुदळ आणि प्याला एकाच मापात! सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ठामपणे मांडलं की पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, फक्त धर्मगुरूंना नसतं, घर झाडणारीलाही असतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा बंधू स्वयंपाकघरात राबायचा. तो १६९१ साली वारला. त्याची आठवण काढली जाते ती याच्यासाठी की भांड्यांच्या गोंगाटातही तो देवाच्या सहवासात राहायला शिकला. एक गोष्ट मात्र लोक सांगायची विसरतात: त्याला स्वयंपाकघरातलं काम मुळात आवडत नव्हतं. मला हाच भाग धीराचा वाटतो. काम आवडलं पाहिजे अशी अट नाही.

मग करायचं काय? या आठवड्यात एकच करा. तुमच्याकडे दुसऱ्याचं अडकलेलं एक काम शोधा आणि पुरं करा. परत न केलेला फोन, न तपासलेली वही, नीट न पुसलेला जिना, काहीही. राजाच्या दरबारात कारभारी असलेल्या दानीएलाचे सहकारी त्याच्यावर टपून होते. त्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली, पण लबाडी नाही आणि हयगयही नाही, असं त्यांना आढळलं (दानीएल ६:४). लबाडी न करणारे पुष्कळ असतात. हयगय न करणारे कमी.

इथे एक सावधगिरी. 'जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' हे कलस्सैकरांस पत्रातलं बोलणं (३:२३) मालकांना फार आवडतं. पण पौल ते लिहीत होता दासांना, ज्यांना पर्याय नव्हता. आणि दोनच वचनं सोडून तो धन्यांकडे वळतो आणि म्हणतो, दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुमचाही एक धनी स्वर्गात आहे. ते वचन पुढच्या अध्यायात पडलं, कारण अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे. मूळ पत्रात मध्ये थांबा नव्हता. तेव्हा तुमच्या हाताखाली कुणी असेल तर दोन्ही वचनं एका दमात वाचा. मजुरी वेळेवर देणं हा दानधर्म नव्हे. मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा आपल्याकडे ठेवू नको, असं लेवीयात आहे (१९:१३), आणि अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोब लिहितो (५:४).

'एवढीच तारीख बदल'

खोटेपणाचा प्रसंग मोठा होऊन येत नाही. मी पूर्वी एका गोदामात आवक नोंदवही लिहायचो. एका महिन्यात माल दोन तारखेला उतरला. वरिष्ठ आले, खुर्ची न ओढता उभ्याउभ्याच म्हणाले, "एकतीस टाक. कागदावरचा आकडा आहे, कुणाचं काही जात नाही." मी एकतीस टाकली. हात थरथरला वगैरे काही नाही. उलट संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो. आठवलं ते रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी पाळकांनी स्वतःची पारख करायला सांगितली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी ती नोंद दुरुस्त केली. चुकीच्या तारखेवर एकच रेघ, वर खरी तारीख, बाजूला सही. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. जुना आकडा वाचता आला पाहिजे, दुरुस्तीचा नियमच तो. वरिष्ठांना जाऊन सांगितलंही. ते काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या वेळेसाठी मी वाक्य आधीच तयार ठेवलं होतं, आणि तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच: वाक्य आधी तयार ठेवा. ऐन वेळी सुचतं ते एकतर भित्रं असतं नाहीतर उर्मट. माझं असं होतं: "तारीख मला बदलता येणार नाही. पण माल उशिरा का आला याचं टिपण मी आत्ता लिहून देतो, ते वर दाखवता येईल." नकारासोबत हाताला लागेल असं दुसरं काहीतरी द्यायचं. 'मी ख्रिस्ती आहे म्हणून' हे शब्द तिथे घालायचे नाहीत. त्याने समोरचा आपोआप पापी ठरतो आणि मुद्दा तारखेवरून धर्मावर जातो.

गोष्टीचा शेवट गोड नाही. नोंदवही माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिली गेली आणि त्याने तारीख टाकली. मला वर्षभर किरकोळ कामं मिळाली. म्हणून दुसरा सल्ला: असा नकार देण्याआधी घरी बोला. कामावर संकट आलं तर त्याची झळ सगळ्या घराला लागते, आणि घरच्यांना विचारात न घेता दाखवलेलं धैर्य अर्धं त्यांच्या खर्चाचं असतं. माझ्या बायकोने त्या रात्री महिन्याचा खर्च कागदावर मांडला आणि म्हणाली, "तीन महिने निघतील. नाही म्हणा."

नोकरीच सोडावी का? घाई करू नका. जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले आणि आम्ही काय करावं असं विचारू लागले, तेव्हा त्याने नाका सोडायला सांगितला नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. शिपायांना सांगितलं, कुणाला लुबाडू नका, आपल्या पगारात समाधानी असा (लूक ३:१२-१४). जो धंदाच फसवणुकीवर उभा आहे तो मात्र सोडावा लागतो. त्यात सुधारणा करू म्हणत वर्षं जातात.

आधी घेतलेलं परत करणं

विश्वासात आल्यावर जुनी येणी-देणी डोळ्यांपुढे येतात. जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं (लूक १९:८). मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरं भरायची होती; स्वतःहून कबूल करणाऱ्याला मात्र मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच भरायचं होतं (गणना ५:७). तुम्ही लहानशानं सुरू करा: कार्यालयातून घरी आलेल्या वस्तू, न फेडलेली उसनवारी, दुसऱ्याच्या कामावर लागलेलं आपलं नाव. रक्कम मोठी असेल, कायद्याचा प्रश्न असेल, तर आधी पाळकांशी आणि जाणत्या वकिलाशी बोला. देवाने क्षमा केली म्हणून सावकाराचं देणं मिटत नाही.

घर

बाहेर सौम्य असणं त्या मानाने सोपं. बाहेर आपण ताजे असतो, लोक बघत असतात. घरी आपण दमून येतो आणि उरलेसुरले पोहोचतो. म्हणून माझं म्हणणं, घरातली सुरुवात कौटुंबिक प्रार्थनेने करू नका. दारातून आत येण्याच्या पहिल्या पाच मिनिटांनी करा. फोन खिशात, चप्पल जागेवर, आणि पहिलं वाक्य तक्रारीचं नको. दोन आठवडे एवढंच करून बघा. मला पहिल्या आठवड्यात दोनदा जमलं.

माफी मागायला शिकावं लागतं, ते आपोआप येत नाही. एकदा बिलाची तारीख चुकली म्हणून मी बायकोला मुलांसमोर वाटेल ते बोललो. रात्री जाऊन म्हटलं, "मी चुकलो, असं बोलायला नको होतं, पण तूही मला आधी सांगायला हवं होतंस." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी पुरी करून म्हणाली, "अहो, 'पण'च्या अलीकडे थांबायचं होतं." तेव्हापासून माफीचा साचा माझ्यापुरता ठरलाय: काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, त्याने काय दुखावलं ते सांगायचं, आणि गप्प बसायचं. चूक मुलांसमोर झाली असेल तर माफीही मुलांसमोर. दुसऱ्या दिवशी तीही मागितली, आणि ती जास्त कठीण गेली.

सूर्य मावळायच्या आत राग सोडा, असं इफिसकरांस पत्र सांगतं (४:२६). काही जोडपी त्याचा अर्थ 'भांडण रात्रीच संपवलं पाहिजे' असा घेऊन पहाटे दोनपर्यंत भांडत बसतात. दमलेल्या माणसाला "उद्या सकाळी बोलू, तुझ्यावर माझा राग नाही" एवढं सांगता आलं तरी वचन पाळल्यासारखं आहे, असं मला वाटतं.

त्याच पत्रातलं 'स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा' हे वाक्य (५:२२) पुरुषांना पाठ असतं. त्याच्या अलीकडचं वचन सगळ्यांना म्हणतं, एकमेकांच्या अधीन व्हा. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२व्या वचनात 'अधीन' हे क्रियापदच नाही. ते २१मधून घ्यावं लागतं. आणि नवऱ्यांसाठी पुढे जे माप ठेवलंय ते ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठी, स्वतःला दिलं तेवढं. भांडी कुणी घासायची हा प्रश्न या मापात फार लवकर सुटतो. बापांना वेगळी सूचना आहे: मुलांना चिडवू नका, ती खचतील (कलस्सै ३:२१). मुलांना शास्त्रपाठाला बसवताना हे डोक्यात असू द्या. सात मिनिटं पुरेत. एक गोष्ट, एक प्रश्न, एक छोटी प्रार्थना. मूल जांभई देत असेल तर पाप करत नाहीये.

घरात तुम्ही एकटेच विश्वासात आला असाल तर बोलणं निम्मं करा आणि काम दुप्पट. पेत्राच्या पहिल्या पत्रात अशा स्त्रियांना सांगितलंय की वचन न मानणारे नवरेही शब्दांवाचून, त्यांच्या वागण्याने जिंकले जातील (३:१). पुरुषांनाही हे तितकंच लागू व्हायला हरकत नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे. घरात हिंसा होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांची मदत घ्या. 'सहन करा, हाच तुमचा वधस्तंभ' असं कुणी सांगितलं, तो मंडळीतला कितीही मोठा असला तरी, त्याचं ऐकू नका.

जीभ, पैसा, विसावा

कुणाबद्दल तक्रार असेल तर आधी त्याच्याशीच, एकांतात (मत्तय १८:१५). हा नियम पाळला तर आपली अर्धी संभाषणं बंद पडतात. 'प्रार्थनेसाठी सांगतोय हं' म्हणून केलेली चहाडीही चहाडीच.

पैशाचं थोडक्यात: पगार आल्या दिवशी देणगीचा वाटा वेगळा काढा, महिनाअखेरीस उरत नाही. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, काही मंडळ्या शिकवतात, काही फक्त ऐच्छिक दान. नव्या करारातला सूर असा की ज्याने त्याने मनात ठरवावं तसं द्यावं, कुरकुरत किंवा बळजबरीने नाही (२ करिंथ ९:७). कर्ज असेल तर आधी हप्ता भरा. कुणी 'इतके द्या, देव तिप्पट देईल' म्हणू लागलं तर पाकीट आत ठेवा.

विसाव्याची आज्ञा मात्र आपण फार हलकी घेतो. निर्गम २० मध्ये ती मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरं आणि उपरा या सगळ्यांना मोजते. अनुवाद नावाच्या पुस्तकात कारण दिलंय: तुम्ही मिसर देशात दास होता (५:१५). दासाला सुट्टी नसते. सुट्टी घेणं म्हणजे आपण आता कुणाचे दास नाही हे मान्य करणं. म्हणून सुट्टीच्या दिवशी स्वतः उपासनेला जाऊन घरातल्या बाईला दुप्पट स्वयंपाक लावला, तर शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, फक्त तुमचा झाला. रुग्णालयात, बसवर, पहाऱ्यावर काम करणाऱ्यांना रविवार मिळत नाही. त्यांनी दुसरा दिवस धरावा आणि मनाला लावून घेऊ नये. शब्बाथ माणसासाठी झाला, असं खुद्द येशू म्हणाला.

विश्वासाबद्दल बोलायचं कधी?

विचारलं की. जो कोणी तुमच्या आशेचं कारण विचारील त्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असं पेत्र लिहितो (१ पेत्र ३:१५), म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी आधी दिसलेलं असावं लागतं. कामाचे तास मालकाचे आहेत, तेव्हा सुवार्तेचं बोलणं सुट्टीत. हाताखालच्या माणसाला आग्रह करूच नका, त्याला नाही म्हणता येत नाही. कुणाच्या घरी आजारपण असेल तर "मी प्रार्थना करू का?" एवढं विचारा, नको म्हणाला तर डबा पोहोचवा.

एक माणूस

हे सगळं एकट्याने चालत नाही. मंडळीत एक माणूस शोधा, वयाने थोडा मोठा, फार न बोलणारा. आठवड्यातून एकदा त्याने तुम्हाला दोन प्रश्न विचारायचे: या आठवड्यात खोटं कुठे बोललास, आणि कुणाची माफी मागायची राहिली? नवराबायकोने एकमेकांना हे विचारू नये, त्याचं भांडण होतं. त्या आधी रोज रात्री अंथरुणावर स्वतःलाच विचारायची सवय लावा. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोलाने दिवसाची अशी उजळणी घालून दिली होती: आधी आभार, मग दिवसभरावरून एक नजर, चुकलं असेल त्याबद्दल क्षमा, आणि उद्यासाठी मदत. पाच मिनिटं लागतात. मी बहुतेकदा आभारांपर्यंत पोहोचतो आणि झोपतो.

मला विचारणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. दर शनिवारी रात्री नऊला फोन करतात. हवापाण्याचं बोलत नाहीत, थेट दोन प्रश्न. गेल्या शनिवारी दुसऱ्या प्रश्नावर मी बराच वेळ काहीच बोललो नाही. त्यांनी फोन ठेवला नाही.